वहिनीसाठी पाहिजे होती

शहापूर तालुक्यातल्या वहिनींची प्रकृती फारच नाजूक असावी. शेणवा घ्या, किन्हवली घ्या, डोळखांब घ्या. कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी संध्याकाळचा तासभर उभे राहा. 'ती बहात्तर तासवाली' मागायला आलेला जो तो सांगतो, वहिनीसाठी पाहिजे होती.

वहिनीला विचारा. तिचं तर मागच्या वर्षीच ऑपरेशन झालंय.

येणारा बहुतेक वेळा पोरगाच असतो. बाइक चालूच. तोंडानं नाव घ्यायचं नाही, मोबाइलवर पाकिटाचा फोटो पुढे धरायचा. मेडिकलवालाही मान वर करत नाही. पाकीट जुन्या पेपरात गुंडाळलं, रबर लावलं, नोट घेतली, सुट्टे दिले. अर्ध्या मिनिटात मामला खलास. बिल? ते कोण मागतो?

पोरगा सतराचा आहे की सदतीसचा, गोळी कोणासाठी नेतोय, घराकडे चाललाय की वीटभट्टीकडे, कशाशी काही देणंघेणं नाही. गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि देवाकडे कोणी आधार कार्ड मागत नाही.

आता त्याच काउंटरवर एखादी पोरगी येऊ दे.

लगेच कोर्ट भरतं.

"कोणाला पाहिजे? लग्न झालंय का? चिठ्ठी आणलीस? कुठल्या पाड्यावरची?" आणि मग तो हुकमी प्रश्न, "कोणाची गं तू?" शहरात याला चौकशी म्हणत असतील. शेणव्यात ही सरळ धमकी असते. एकदा उत्तर मिळालं की 'पोरीकडे जरा लक्ष ठेवा' एवढं बापाला सांगायला मेडिकलवाल्याला खुर्चीवरून उठायचीही गरज नाही. बाप स्वतःच आठवड्याला बीपीची गोळी न्यायला येतो.

आणि एवढी उलटतपासणी घेणारा गृहस्थ विचारायला हवा तो एकच प्रश्न विचारत नाही.

किती तास झाले?

गोळीला रस फक्त तेवढ्यात आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेल, दीड मिलिग्रॅम, एकच गोळी. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर घ्याल तितकी भरवशाची. बीजकोशातून बीज बाहेर पडणं ती लांबवते, एवढंच तिचं काम. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर तिचं फारसं काही चालत नाही. म्हणून घाई. पोरगी कोणाची, हे ठरेपर्यंत बीज थांबून राहत नाही.

गर्भ आधीच राहिला असेल तर ही गोळी त्याला धक्काही लावत नाही. ती गर्भपाताची गोळी नव्हे. ती वेगळी, तिच्यात दोन औषधं असतात, तिला डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि लागायलाच हवी. पण २०१२ साली परळीच्या मुंडे डॉक्टरचं लिंगनिदान-गर्भपाताचं प्रकरण उघडकीला आलं आणि राज्यभर मेडिकल दुकानांवर अन्न व औषध प्रशासनाच्या धाडी पडल्या. गर्भपाताच्या गोळ्या ठेवणं दुकानदारांनी भीतीनंच सोडून दिलं. त्या भीतीत काहींनी ही बिचारी एकटी गोळीही तिच्याच खणात ढकलली. लिंगनिदान करणारे डॉक्टर पकडले गेले ते बरंच झालं. शिक्षा मात्र जिनं अजून काहीच केलेलं नाही तिच्यापर्यंत पोचली.

चिठ्ठीचं म्हणाल, तर तीही लागत नाही. २००५ साली केंद्र सरकारनं ही गोळी चिठ्ठीविना विकायला मोकळी केली. वयाची अट घातली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते किशोरवयीन मुलींनी ती घ्यायला काही हरकत नाही. २०२४ साली हार्मोनच्या गोळ्यांना चिठ्ठी सक्तीची होणार अशी हवा उठली, तेव्हा सरकारनं सांगून टाकलं की आहे त्यात बदल नाही. म्हणजे नियम होऊन वीस वर्षं उलटली. दिल्लीहून निघालेला नियम कसाऱ्याचा घाट उतरायला एवढा वेळ घेतो?

पंजाब मेल तरी बरी म्हणायची.

खरी गंमत शेजारच्या खणात आहे. तिथे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या असतात. गौरी-गणपती, नवरात्र, सत्यनारायण, घरातलं लग्न, काही निघालं की त्यांना मागणी. ह्या गोळीला मात्र कायद्यानं डॉक्टरची चिठ्ठी लागते, तसं पाकिटावर छापलेलंच असतं. कोण विचारतो? आई स्वतः येते आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात मागते, "आमच्या पोरीची तारीख नेमकी गौरीतच येते हो, पाच दिवसांच्या द्या." मेडिकलवाला देतो. वर कधी सुरू करायची, कधी थांबवायची, हेही सांगतो. नॉरएथिस्टेरॉन आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल, दोघी एकाच घराण्यातल्या.

एक देवासाठी घेतली म्हणून सोवळ्यात. दुसरी स्वतःसाठी मागितली म्हणून पेपरात गुंडाळून.

बरं, पोरींना हे सगळं आधी कोणी सांगितलंय का? २००७ साल आठवा. शाळांमध्ये किशोरवयीनांना लैंगिक शिक्षण द्यायचं ठरलं आणि विधिमंडळात गदारोळ झाला. संस्कृती बुडणार होती. सरकारनं तो कार्यक्रम थांबवला, संस्कृती वाचली. त्याच वर्षी सिप्लानं आय-पिल बाजारात आणली आणि टीव्हीवर तिच्या जाहिराती सुरू झाल्या, घरात, जेवणाच्या वेळी, आजीसमोर. २०१० मध्ये सिप्लानं हा एक ब्रँड पिरामलला ९५ कोटींना विकला.

जे वर्गात फुकट सांगायची लाज वाटली, त्याचा बाजारभाव एवढा निघाला.

धडा बंद झाला म्हणून शिकणं थोडंच बंद होतं? ते चालूच राहिलं. मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून, रीलवरून, होस्टेलच्या गच्चीवरून. कच्ची पपई खा. गरम पाण्यात गूळ घाल. दोन गोळ्या घेतल्या की डबल काम. आणि काउंटरवरचं पेटंट वाक्य, "एवढ्या वयात घेतलीस तर पुढे मूल राहणार नाही हं." साफ खोटं. या गोळीनं वांझपण येत नाही. मळमळेल, डोकं दुखेल, पुढची पाळी थोडी मागेपुढे होईल. पण भीती घालायला पैसे पडत नाहीत, आणि माहिती द्यायला माहिती असावी लागते.

भीती घालण्यात शहापूरनं तर राज्यात नाव काढलं. जुलै २०२५. एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग सापडले. मुलींना सभागृहात बोलावलं, डागांचे फोटो पडद्यावर दाखवले, पाळी कोणाकोणाची चालू आहे म्हणून विचारलं. आणि नाही म्हणणाऱ्या मुलींना आत नेऊन कपडे काढायला लावून तपासलं, अशी पालकांची तक्रार. पालक शाळेवर धडकले, मुख्याध्यापिकेला अटक झाली, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. अधिवेशन चालू होतं, तिथेही आवाज उठला.

फरशी पुसायला एक बादली पाणी पुरलं असतं.

जिथे पाळी आली म्हणून पंचनामा होतो, तिथल्या मुलीनं पाळी चुकेल की काय ही भीती कोणाला सांगायची? बाईंना?

आता मेडिकलवाल्याचीही बाजू ऐकू. तोही काही राक्षस नाही. त्याच्या पोटात गोळा आणणारी गोष्ट निराळीच आहे, तिचं नाव पॉक्सो. २०१२ च्या या कायद्यानं अठराच्या आत संमतीला अर्थ नाही. कलम १९ म्हणतं, गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होणार अशी शंका आली तरी पोलिसांना कळवा. कोणी कळवायचं? कोणीही. डॉक्टरनं, शिक्षकानं, मेडिकलवाल्यानंसुद्धा. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे काउंटरवरची पोरगी "सतरा" म्हणाली रे म्हणाली की मालक माहितगार झाला.

मग तो काय करतो? वय सोडून सगळं विचारतो.

गाव विचारतो, बाप विचारतो, लग्न विचारतो. जन्मतारीख चुकून कानावर पडू नये म्हणून जपतो. आणि फारच शंका आली तर त्याच्याकडे दोन शब्दांचं कवच आहे. "स्टॉक संपलाय." मागच्या रॅकवर पाच पाकिटं पडलेली असतात, संध्याकाळच्या बाइकवाल्यांसाठी.

कायदा मुलींच्या संरक्षणासाठी केला. संरक्षण कोणाला मिळालं? सतरा वर्षांच्या मुलीला काउंटरवरून हाकललं, मेडिकलवाला सुरक्षित. तिला घेऊन फिरणारा तीस वर्षांचा बाप्या अर्ध्या मिनिटात पाकीट घेऊन गेला, तोही सुरक्षित. ज्याला कायदा शोधतोय तो रोखीनं पैसे देऊन वळणापलीकडे गेला, आणि जिच्यासाठी शोधतोय तिला मात्र 'कोणाची गं तू'.

याला सावधगिरी म्हणायचं की सोय?

बरं, पॉक्सोला या गोळीचं वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. याच कायद्याखालचे २०२० चे नियम वाचा. अत्याचारग्रस्त मुलगी दवाखान्यात आली की गर्भ राहण्याची शक्यता आणि तातडीची गर्भनिरोधकं याबद्दल तिच्याशी आणि तिच्या विश्वासातल्या माणसाशी बोला, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याला घड्याळ कळत होतं. फक्त आधी गुन्हा घडावा, तो उघड व्हावा, मग ती दवाखान्यात पोचावी, आणि हे सगळं तीन दिवसांत. आपल्याकडे तीन दिवसांत एफआयआरची प्रत मिळाली तरी पेढे वाटतात.

सर्वोच्च न्यायालयानंही हा पेच ओळखला. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलं, अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिनं व पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरनं पोलिसांना खबर देताना तिचं नाव-पत्ता उघड करायची गरज नाही. शहाणा निकाल. पण सवलत कधी? गर्भपाताच्या वेळी. म्हणजे आधी गर्भार राहा, मग नाव झाकता येईल. गर्भ राहूच नये म्हणून आलीस, तर नाव सांग, बापाचंही सांग.

आणि त्या गर्भपाताला अठराच्या आत पालकाची लेखी संमती लागते. ज्या आईबापांच्या भीतीनं ती शंभराच्या आसपासच्या एका गोळीसाठी चार दुकानं फिरली, त्यांचीच सही. बरोबर सोनोग्राफी, पोलीस ठाणे, आणि आठवडे उलटले असतील तर हायकोर्ट. एवढा पसारा आपल्याला चालतो.

गोळी नको. संस्कार बिघडतात.

आता सरकारी रजिस्टर उघडा. आशाताईंकडे गावातल्या 'पात्र जोडप्यां'ची यादी असते. पात्र म्हणजे ज्या जोडप्यातली बायको १५ ते ४९ वर्षांची. पंधरा. लग्नाचं कायदेशीर वय अठरा, पण यादी पंधरापासून. सरकार वास्तववादी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हणजे पाचातली एक. ही यादी रिकामी राहायची भीती नाही.

याच आशाताई २०११ पासूनच्या घरपोच योजनेत ही गोळी दोन रुपयांत देतात. दोन रुपये. म्हणजे बेकायदा लग्न लावून दिलेल्या सोळा वर्षांच्या पोरीला गोळी दारात, दोन रुपयांत, हसतमुखानं. आणि लग्न न करता बारावी पूर्ण करू पाहणाऱ्या सतराच्या पोरीला पन्नास पट किंमत आणि व्याख्यान. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अठराच्या आतल्या बायकोशी ठेवलेला संबंधही बलात्कारच. न्यायालयाला दिसलं ते काउंटरला दिसत नाही. काउंटरला मंगळसूत्र दिसतं.

पोरीही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नाहीत. नाक्यावरच्या कटलरीच्या दुकानात काळ्या मण्यांचं खोटं मंगळसूत्र साठ-सत्तर रुपयांना मिळतं. घातलं, ओढणी नीट केली, आवाजात जरा सासुरवाशिणीचा वैताग आणला की काम झालं. गोळी शंभरची, परवाना साठचा. हा परवाना अन्न व औषध प्रशासन देत नाही, तरी सगळीकडे चालतो.

यात नवं काही नाही, हे दुखणं जुनं आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. बक्षीस काय? कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं, १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं, कधी पदरमोड करून तर कधी अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड देत. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेऊन डॉ. आंबेडकर उभे राहिले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली, हा गुन्हा. कर्वे हरले.

बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. सभागृहानं तो दणदणीत बहुमतानं पाडला. पाडणाऱ्यांची नावं आज कोणाला सांगता येणार नाहीत, पण त्यांचे प्रश्न आमच्या नाक्यावरच्या काउंटरला तोंडपाठ आहेत. कर्व्यांवर सिनेमा निघाला, नाटक निघालं. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि येताना मेडिकलमधून काही घ्यायचं असेल तर दुसऱ्या गावचं मेडिकल गाठलं.

घड्याळाकडे येऊ. शनिवारी संध्याकाळी सहाला जे व्हायचं ते झालं. रविवारी गावातलं मेडिकल अर्धा दिवस उघडं, पण काउंटरवर बसलेला चुलत्याचा दोस्त. अठरा तास गेले. सोमवारी कॉलेजच्या नावानं शहापूर. पहिल्या दुकानात 'चिठ्ठी आण', दुसऱ्यात 'संपली', तिसऱ्यासमोर शेजारच्या आळीतली बाई रिक्षाची वाट बघत उभी, म्हणून ते दुकान बाद. रात्र झाली, पन्नास तास. मंगळवारी धीर करून एक सरकारी दवाखाना. तिथे आधी केसपेपर. खिडकीतून भरदार आवाज येतो, "नाव? वय? काय होतंय?" मागे रांगेत गावातल्या दोन मावश्या. पोरगी म्हणते, ताप.

पॅरासिटामॉल लगेच मिळतं. तेही फुकट. संध्याकाळी सहाला बहात्तर पुरे.

ज्यांच्याकडे रेल्वेचा पास असतो त्या मुली आसनगावला लोकल पकडतात आणि कल्याणला जातात. तिथे 'कोणाची गं तू' विचारायला कोणाला सवड नसते. भातसा आणि तानसा या तालुक्यातून मुंबईला पाणी पाजतात, आणि उन्हाळ्यात इथले पाडे टँकरची वाट बघतात. त्या बदल्यात मुंबईच्या दिशेनं आम्हाला मिळालं काय, तर कोणी न ओळखणारी गर्दी.

खरं सांगायचं तर काही मुलींच्या ती पाण्याहून जास्त उपयोगी पडते.

बाहेरच्या जगात हा वाद झाला नाही असं नाही. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया गिलिक नावाची आई कोर्टात गेली होती. सोळाच्या आतल्या मुलीला आईबापांना न विचारता गर्भनिरोधक द्यायचं नाही, एवढीच मागणी. १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला, मुलीला समज असेल, सल्ला कळत असेल, तर डॉक्टर देऊ शकतो. आज तिथला फार्मासिस्ट मुलीला बाजूच्या खोलीत नेतो, दार लावून विचारतो. कधी झालं, कोणाबरोबर, तो केवढा आहे, कोणाची भीती वाटते का. धोका दिसला तर पुढे कळवतो. गोळीही देतो आणि डोळेही उघडे ठेवतो.

आमच्याकडेही मेडिकलला मागे खोली असते. तिच्यात सलाईन लावतात.

आणि फार्मासिस्ट? तोही असतो, भिंतीवर. फ्रेममध्ये, फोटोसकट, नोंदणी क्रमांकासकट. माणूस स्वतः कुठे नाशिकला, कुठे ठाण्याला दुसरी नोकरी करत असतो, इथे महिन्याला त्याच्या सर्टिफिकेटचं भाडं पोचतं. काउंटर सांभाळतो मालकाचा पुतण्या. तो परवापर्यंत त्या पोरीच्याच वर्गात होता.

त्यानं समुपदेशन करावं अशी अपेक्षा आहे.

परवानाधारक माणूस खरोखर जागेवर असता, तर त्याला दोन मिनिटांचंच काम होतं. किती तास झाले, हे आधी. मग टीबीच्या गोळ्या चालू आहेत का, फिट्सच्या चालू आहेत का. पाड्यापाड्यांवर हा प्रश्न साधा नाही, कारण टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन या गोळीचा जोर कमी करतं, आणि मग मुलगी शंभर रुपये देऊन निव्वळ समाधान घेऊन जाते. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते, हे कोण सांगणार, पुतण्या? पाळी आठवडाभर पुढे गेली तर पट्टीवर लघवी तपासून बघ. ही रोजची गोळी नव्हे, दर शनिवारी घ्यायची नव्हे, आणि हिनं गुप्तरोग टळत नाहीत, त्याला निरोध लागतो. तो याच काउंटरवर आहे, समोरच, च्युइंगगमच्या बाजूला, लाजायचं कारण नाही.

आणि शेवटी हळू आवाजात एक. कोणी जबरदस्ती तर केली नाही ना?

दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर निघतात. कातकऱ्यांच्या पोरी आईबापांबरोबर जातात, शाळा इथे राहते. भट्टीवर मालक असतो, मुकादम असतो, ट्रकवाला असतो, आणि उचल घेतलेली असते. तिथल्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी पाकीट न्यायला जो येतो तो वहिनीचंच नाव सांगतो. त्याला अर्ध्या मिनिटात वाटेला लावणारं दुकान सभ्य ठरतं. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मात्र दुकानात कुठेही दिसत नाही. उधारी बंद आहे, ही पाटी दिसते.

औषध निरीक्षक येतात तेव्हा काय बघतात? फ्रिजचं तापमान, मुदत संपलेला माल, खरेदीची बिलं, फार्मासिस्ट जागेवर आहे का. निरीक्षक येणार हे आदल्या दिवशी कळतं, त्यामुळे फार्मासिस्टही जागेवर असतो. किती मुलींना कारण न देता परत पाठवलं, याचा रकाना कुठल्याच वहीत नाही. चिठ्ठी नसताना दिलं तर नोटीस. चिठ्ठी लागत नसताना मागितली तर काही नाही.

सरकारकडे यावर उत्तर नाही असं कोणी म्हणू नये. २०१४ च्या जानेवारीत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिकं आहेत. सल्ला मोफत आणि गोपनीय. तसं दारावर लिहिलेलंच असतं, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. दारासमोर बाकडं, बाकड्यावर लसीकरणाला आलेलं अर्धं गाव. वेळ ओपीडीची, म्हणजे कॉलेज भरतं तेव्हाचीच.